पगार कोण देणार?



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय कळवला तो असा : रस्त्यावरच्या मुलांचं शिक्षण आणि कार्यकर्त्यांची जबाबदारी. विषय चांगला आहे. पण पैशांबद्दल बोलल्याशिवाय मला त्यावर बोलता येत नाही. समाजकार्याच्या सभेत तळमळ, त्याग, संस्कार यांवर तासभर ऐकून घेतात. हिशेबाच्या वहीवर दहा मिनिटं बोललं, की मागच्या रांगेतले लोक चपला शोधायला लागतात. ज्यांना निघायचं असेल त्यांनी आत्ताच निघावं. आज मी फक्त पैशांबद्दल बोलणार आहे.

आणि तेही थोड्या पैशांबद्दल. मोठमोठ्या न्यासांकडे त्यांची माणसं आहेत, सल्लागार आहेत. मला बोलायचंय ते आपल्यासारख्यांबद्दल. वीसेक माणसं नोकरीधंदा सांभाळून दरमहा काही रक्कम बाजूला काढतात आणि वर्षातून एकदा एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी बसून ठरवतात, की यंदा हे पैसे कोणाला द्यायचे. मी अशा एका गटात बरीच वर्षं बसतो आहे. असे गट परदेशातही आहेत. १९९१ साली अमेरिकेत बर्कली विद्यापीठातल्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी ‘आशा फॉर एज्युकेशन’ ही संस्था सुरू केली. आजही ती स्वयंसेवकच चालवतात. गावोगावच्या शाखा भारतातल्या शाळांचे अर्ज वाचतात, त्यावर वाद घालतात, सुट्टीत इकडे आलेला एखादा जण प्रकल्प बघून जातो आणि मग निर्णय होतो. बर्कलीत काय आणि आपल्या ठाण्याच्या नौपाड्यात काय, बैठकीतली भांडणं साधारण सारखीच असणार, असा माझा अंदाज आहे.

भांडण कशावरून होतं? एक बैठक डोळ्यांसमोर आणा. चहा झालाय, बिस्किटांची ताटली फिरतेय. अर्ज आहे एका छोट्या संस्थेचा. पुलाखालच्या मुलांसाठी रोजचा वर्ग चालवायचा आहे. सोबत एक पानी अंदाजपत्रक. शैक्षणिक साहित्य, खाऊ, औषधं, रिक्षाभाडं, किरकोळ. आणि सगळ्यांत वर दोन ओळी : शिक्षिका दोन, मानधन. मदतनीस एक, मानधन.

साहित्यावर कोणी बोलत नाही. खाऊ मंजूर. औषधं तर मंजूरच. मग खजिनदार पेनाचं टोपण काढतात आणि पेन त्या वरच्या दोन ओळींवर येऊन थांबतं. निम्म्याहून जास्त रक्कम पगारातच? एवढं मानधन कशाला? निवृत्त शिक्षक मिळतील की, सेवाभावाने येतील. आमच्या हिच्या भिशीतल्या दोघीजणी तयार आहेत, आठवड्यातून दोन दिवस. तेवढ्यात कोणाला तरी टॅबलेट आठवतो. टॅबलेट दिले तर मुलं आपली आपण शिकतील. बैठक संपते तेव्हा मानधनाला कात्री लागलेली असते आणि यादीत पाच टॅबलेट आलेले असतात.

हे लोक वाईट नाहीत. चांगलेच आहेत, नाहीतर रविवारी सकाळी आले नसते. अडचण अशी आहे, की आपण स्वतः फुकट काम करतो. आपला वेळ आपण दान केलेला असतो, म्हणून दुसऱ्याने त्याच कामाचे पैसे घेतले तर आपल्याला कुठेतरी खुपतं. पण आपला पगार सोमवारी दुसरीकडून येतो, तिचा कुठून येणार? पुलाखाली शिकवणारी ती मुलगी कळव्याहून दोन बस बदलून येते. घरी तिच्या पगारावर गॅस येतो. तिचा सेवाभाव आपल्यापेक्षा कमी नाही. तिची सोय कमी आहे, एवढंच.

आता माझा मुख्य मुद्दा सांगतो. पटणार नाही त्यांनी शेवटी भांडावं. रस्त्यावरच्या मुलांच्या शिक्षणासाठी थोडे पैसे असतील तर ते पगारालाच द्यावेत. दप्तरांना नको, रंगरंगोटीला नको, टॅबलेटला तर नकोच. रोज येणाऱ्या माणसाच्या पगाराला द्यावेत आणि वर्षानुवर्षं द्यावेत.

का? त्या मुलांतल्या एकीचा दिवस बघा. नऊ वर्षांची मुलगी. रात्री अकरापर्यंत सिग्नलवर गजरे विकते, कारण गाड्या थांबतात तोवरच धंदा. सकाळी उशिरा उठते. कडेवर वर्षाचा भाऊ, कारण आई दुसऱ्या सिग्नलवर. आपल्या ठाण्यातल्या पुलांखाली बीड, लातूर, धाराशिवकडून आलेली पारधी कुटुंबं आहेत. त्यांच्या घरातली बोली गुजरातीच्या जवळची. बाईंचं मराठी त्या मुलीला पहिल्या दिवशी अर्धंमुर्धं कळतं. शाळा तिनं पाहिली आहे, बाहेरून. कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे तिला तिच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे आणि बाकीच्यांच्या बरोबरीला येण्यासाठी खास शिक्षणही. उत्तम कलम आहे. पण ती वर्गापर्यंत येणार कशी? कोणीतरी रोज सकाळी फुटपाथवर जाऊन तिला उठवलं पाहिजे. आईशी बोललं पाहिजे. भावाला घेतलं पाहिजे. आंघोळ, केस, नाश्ता, आणि मग पाटी. सुरुवातीचे काही महिने अक्षरओळख हे त्या बाईंच्या कामातलं सगळ्यांत छोटं काम असतं.

मग एके दिवशी महापालिकेची किंवा पोलिसांची गाडी येते, पुलाखालचं सामान उचललं जातं आणि कुटुंबं पांगतात. बालन्याय कायद्यानुसार भीक मागणारं किंवा रस्त्यावर राहणारं मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल ठरतं, त्याला बालकल्याण समितीपुढे नेता येतं. कायद्याचा हेतू चांगला आहे, पण आईला समजतं ते एवढंच, की पोरं उचलून नेतात. ती पोरांना घेऊन आठवडाभर गायब. दिवाळीनंतर काही कुटुंबं ऊसतोडीला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात, ती भलत्याच नाक्यावर. हजेरीपटात लाल रेघा. आमच्यासारखे देणगीदार तो हजेरीपट बघतात आणि म्हणतात, संस्था ढिली आहे.

ते कुटुंब कुठे गेलं, हे कोणाला ठाऊक असतं? त्या ताईला. तिच्याकडे आईचा नंबर असतो, आईचा फोन बंद असला तर मावशीचा. परत आलेल्या मुलीला ती नावाने हाक मारते. ताई तीच असेल तर मुलगी दुसऱ्या दिवशी येऊन बसते. ताई बदलली असेल तर पुन्हा पहिल्यापासून. आणि ताई का बदलते? आठ हजारांत तिचं भागत नाही. मॉलमध्ये चौदा हजार मिळाले की ती जाते, तिनं जावंच. पुस्तक फाटलं तर दुसरं येतं. तीन वर्षांची ओळख कुठून आणायची?

आपल्या गावातलंच उदाहरण घेऊ. तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चालते. समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था आणि ठाणे महापालिका मिळून ती चालवतात. आपण सगळे तिथून रोज जातो. कंटेनरमध्ये भरणारी शाळा म्हणून तिचे फोटो सगळीकडे छापून आले. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण अभिमानाने कंटेनर दाखवतो. मला त्या कंटेनरचं कौतुक आहे, पण थोडंच. कंटेनर महिन्याभरात उभा करता येतो. त्या शाळेतली मुलं पुढे दहावी पास झाली, ती कंटेनरमुळे नव्हे. सिग्नलवर विक्री करणाऱ्या मुलाला दहावीपर्यंत न्यायचं, म्हणजे त्याच्यामागे वर्षानुवर्षं रोज कोणीतरी लागलेलं असतं. त्या लोकांचा फोटो छापून येत नाही.

ही काही नवी गोष्ट नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलं शाळेत येईनात, गुरं राखायला जात, तेव्हा यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. इमारत नाही, बाक नाही, फळा झाडाला टेकवलेला. मग होतं काय? अनुताई होत्या. १९९२ साली त्या गेल्या, तोवर त्यांनी त्या भागाला पाठ दाखवली नाही. प्रकल्प अहवालात याला काय म्हणतील कोण जाणे. ‘मनुष्यबळ’ म्हणतील बहुतेक.

बरं, मग बाकीच्या गोष्टींना का नको म्हणतो? दप्तरांचं बघू. दर जूनमध्ये आणि दर दिवाळीत वस्त्यांवर दप्तरं, वह्या, कंपासपेट्या वाटणाऱ्यांची रीघ लागते. मुंबई महापालिका आपल्या शाळांतल्या मुलांना २७ शालोपयोगी वस्तू मोफत देते. दप्तर, बूट, गणवेश, सगळं त्यात आलं. शाळेत जाणाऱ्या मुलाला दप्तर मिळतंच. जे मूल शाळेत जात नाही, त्याच्या घरी तीन-तीन दप्तरं. एकात कांदे-बटाटे, दुसऱ्यात गजऱ्याचा दोरा, तिसरं विकलेलं. विकलं म्हणून त्या आईला नावं ठेवू नका. तिनं आपल्यापेक्षा शहाणपणाचा व्यवहार केला.

‘एका मुलाचा खर्च उचला’ ही योजना तर फारच गोड. दात्याला मुलाचं नाव कळतं, फोटो येतो, वर्षाकाठी पत्र येतं. पण फुटपाथवर चार भावंडं असतात. एकाला पालक मिळाला, तिघांना नाही, हे त्या आईला कसं सांगायचं? आणि मूल गावी निघून गेलं तर दात्याला काय कळवायचं? मी असं पाहिलंय, की संस्थेची एक चांगली कार्यकर्ती आठवडाच्या आठवडा मुलांच्या नावाने आभाराची पत्रं लिहीत बसते. त्या वेळात तिनं दोन वस्त्या पालथ्या घातल्या असत्या.

आणि फोटो! बालन्याय कायद्याचं ७४ वं कलम सांगतं, की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही माध्यमांत प्रसिद्ध करायचं नाही. तुरुंगवासापर्यंत शिक्षा आहे. आणि आपण काय करतो? मुलाला स्टेजवर उभं करतो, हातात भलामोठा पुठ्ठ्याचा धनादेश देतो आणि ‘रस्त्यावरील बालक’ असा मथळा घालून सगळीकडे पाठवतो. त्या मुलाला उद्या नोकरीसाठी कुठेतरी उभं राहायचंय, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. आमच्या गटाने अर्जाच्या नमुन्यातून फोटोची अटच काढून टाकली. दोन सभासद नाराज होऊन गेले. गेले तर गेले.

इथे दरवेळी एक हात वर होतो. आजही होईल, म्हणून आधीच घेतो. हे सगळं सरकारचं काम ना? मग आपण खिसे का रिकामे करायचे?

काम सरकारचंच आहे, यात शंका नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाचं शिक्षण हा घटनेच्या २१ क कलमाखाली मूलभूत हक्क आहे. म्हणूनच मी समांतर शाळेला पैसे द्यायच्या विरुद्ध आहे. पुलाखाली आपली खासगी, आपल्या नावाची शाळा उघडून मुलांना तिथेच ठेवलं, तर महापालिका सुटली आणि मूलही अडकलं. आपला पैसा असा लागावा, की मूल पालिकेच्या शाळेच्या पटावर जाईल आणि तिथे टिकेल. सिग्नल शाळेत महापालिका सुरुवातीपासून भागीदार आहे, हे मला त्या कंटेनरपेक्षा फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या बैठकीत अर्जदाराला पहिला प्रश्न हाच असतो : मुलाचं नाव कुठल्या शाळेच्या पटावर आहे? उत्तर ‘आमच्याच वर्गात’ असं आलं, की पुढचा प्रश्न : किती दिवसांत बाहेर जाईल?

आणि इथेही पगारच लागतो बरं का. शिक्षण हक्क कायद्याचं १४ वं कलम म्हणतं, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. पण कलम शाळेच्या खिडकीवर जाऊन कोणीतरी वाचून दाखवावं लागतं. मुख्याध्यापक म्हणतात, आधार आणा. आधार केंद्रवाले म्हणतात, पत्ता आणा. पुलाला पत्ता नसतो. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या गावच्या कागदापर्यंत जावं लागतं. हे हेलपाटे घालणारं माणूस संस्थेकडे असलं, तर सरकारने द्यायचं ते सरकारकडून मिळतं. एका माणसाच्या पगारात कित्येक मुलांची पुस्तकं, जेवण, गणवेश सरकारी तिजोरीतून निघतात. याहून चांगली गुंतवणूक मला तरी ठाऊक नाही.

आता कंपन्यांचं. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पैसा पुष्कळ आला, चांगलं झालं. पण मार्च जवळ आला की धावपळ. एक वर्षाचा करार, आकडे द्या, उद्घाटन करा, पुढच्या वर्षी बघू. वास्तविक त्याच कायद्यात चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष धरून चार वर्षांपर्यंत चालवायची मुभा आहे. ती वापरायला मन लागतं. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. तेव्हापासून आमचे खजिनदार कुठल्याही पगाराकडे बोट दाखवून ‘प्रशासकीय’ म्हणायला लागले. मी त्यांना नियम वाचून दाखवला. शाळेतल्या शिक्षकांचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, असं खुद्द त्या नियमांत आहे. सरकारला जे मान्य आहे, ते नौपाड्याला अमान्य असू नये.

आपल्याकडे थोड्या पैशांची मोठी परंपरा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत पैसा फंड उभा केला, त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. आणि लक्ष्मीबाई भाऊराव पाटील. साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. ते पैसे कशाला गेले? धान्याला. इमारतीला नाही, कोनशिलेला नाही. संध्याकाळी मुलं जेवली आणि पैसे संपले. आज असा अर्ज आमच्यापुढे आला, तर ‘यातून टिकाऊ काय उभं राहणार?’ असं कोणीतरी नक्की विचारेल.

आता हिशेब मांडतो, अगदी शाळकरी. वीस माणसांनी महिन्याला दोन हजार काढले तर चाळीस हजार होतात. पंधरा हजारांच्या दोन ताई, आठ हजारांची एक मदतनीस. उरले दोन हजार, त्यात खडू, कागद आणि रिक्षा. झाली एक जागा. मे महिन्याचाही पगार द्यायचा, सुट्टी आहे म्हणून कापायचा नाही. पोट सुट्टी घेत नाही. माझा आग्रह असा, की पहिलं वर्ष कोणालाच काही देऊ नका, नुसतं साठवा. एका वर्षाचा पगार बँकेत पडला की मगच होकार द्या, आणि तो होकार तीन वर्षांचा द्या. गटातले चारजण मध्येच गळणार, कोणाची बदली होईल, कोणाचं घराचं कर्ज निघेल. ते गळले तरी ताईचा पगार पाच तारखेला गेला पाहिजे. चार संस्थांना थोडंथोडं वाटण्यापेक्षा एकीला पुरतं द्या. चौघांना खूश केल्याचं समाधान मिळणार नाही, पण ते समाधान ही आपली खासगी गरज आहे.

बघायला जायचं तर पंधरा ऑगस्टला जाऊ नका. त्या दिवशी सगळ्या मुलांच्या केसांना तेल असतं. जुलैच्या भर पावसात, न कळवता नव्हे, पण आदल्या संध्याकाळी कळवून जा. पुलाखाली पाणी आलेलं असताना वर्ग कुठे भरतो, ते बघा. ताईला एकटीला विचारा, मागच्या महिन्याचा पगार किती तारखेला मिळाला?

अर्जांबद्दलही बोललं पाहिजे. चांगलं इंग्रजी लिहिणारी संस्था आमच्या टेबलावर नेहमी वर येते. खरोखर पुलाखाली बसणाऱ्यांना अर्ज लिहायला फुरसत नसते आणि ती भाषाही येत नाही. मग आम्ही नियम केला : अर्ज मराठीत चालेल, हातानं लिहिलेला चालेल, आणि तोही जमत नसेल तर आमच्यातलाच एकजण जाऊन, बसून, विचारून लिहून आणेल. नकार द्यायचा असेल तर पंधरा दिवसांत द्यायचा. छोट्या संस्थेला सहा महिने आशेवर ठेवणं हा मोठा अन्याय आहे आणि आपण सगळे तो फार सभ्यपणे करतो.

शेवटची गोष्ट सांगून थांबतो, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंच आहे. या सगळ्या बैठकांत एक मंडळी कधीच नसतात : मुलांच्या आया. एका वर्षी आम्ही ठरवलं, निर्णयाआधी त्यांना विचारायचं. बैठक हॉलमध्ये नको, त्यांच्याकडेच, दुपारी तीनला, सिग्नल जरा रिकामा असतो तेव्हा. दहाबारा जणी बसल्या. आम्ही विचारलं, पोरांच्या शाळेसाठी काय पाहिजे? वाटलं होतं, वह्या म्हणतील. एक बाई म्हणाली, “तान्ही पोरं सांभाळा. मोठी पोर मग येईल.” बाकीच्यांनी माना हलवल्या. एवढंच. अंदाजपत्रकात पाळणाघर कुठेच नव्हतं. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामाच्या जागी मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं सुरू केली, मोबाइल क्रेशेस या नावाने ती मुंबईतही आली, तेव्हा ही गोष्ट जगाला ठाऊक नव्हती असं नाही. आमच्या टेबलाला ठाऊक नव्हती.

पुढच्या रविवारी वाद झाला. पाळणाघर म्हणजे शिक्षण का? आपल्या नियमावलीत तर फक्त ‘शिक्षण’ लिहिलंय. तासभर चर्चा झाली, दोनदा चहा झाला. शेवटी खजिनदारांनीच पेन उघडलं, टॅबलेटची ओळ खोडली आणि तिथे लिहिलं : मदतनीस आणखी एक, तान्ह्या मुलांसाठी, मानधन आठ हजार, बारा महिने.